नवी पर्वतीय स्नोमोबाईल आणि सस्पेन्शन जुळवण्याची वही

डोंगरातल्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी बनवलेली स्नोमोबाईल, म्हणजे पुढे दोन घसरपट्ट्या (स्की) आणि मागे फिरणारा रबरी पट्टा (ट्रॅक) असलेली गाडी, मी या हंगामात प्रथमच नवी घेतली. त्याआधीची ४ वर्षे मी दुसऱ्याच्या हातची, आखूड ट्रॅकची गाडी चालवली आणि तिचे सस्पेन्शन जसे मिळाले तसेच राहू दिले. नवी गाडी आली की ती आपोआप हलकी आणि आज्ञाधारक वाटेल, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी ती ६ वेळा बर्फात रुतली आणि डावीकडे तर ती कलायलाच तयार नव्हती. माझे वजन ५८ किलो आहे; कपडे, बूट, शिरस्त्राण आणि पाठीवरची पिशवी धरून ७२ किलो. हा आकडा सुरुवातीलाच देते, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्याच्यापाशीच येऊन थांबल्या.

नोंदणी एप्रिलमध्ये केली. पर्वतीय गाड्यांची मागणी हंगाम संपतानाच नोंदवून घेतात आणि गाडी बर्फ पडण्याच्या सुमारास हातात येते, त्यामुळे न पाहिलेल्या गाडीबद्दल सगळे निर्णय ७ महिने आधी घ्यावे लागतात. ट्रॅकची लांबी, रबरी दात्यांची उंची, शॉकचा (धक्के झेलणाऱ्या नळकांड्यांचा) प्रकार आणि इंजिन हे चार निर्णय नंतर बदलायचे म्हटले तर फार महाग पडतात. मी १५४ इंच लांब आणि १५ इंच रुंद ट्रॅक घेतला, त्याचे दाते अडीच इंचांचे. १६५ इंचांचा ट्रॅक खोल बर्फात अधिक सहज वर राहतो आणि चढ चांगला चढतो, पण झाडांमध्ये तो वळवताना अंगात जोर लागतो, आणि माझ्या वजनाला १५४ इंच पुरेसे तरंगवतात, असा हिशेब केला. टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा, विचार बराच केला. स्की-डू या स्नोमोबाईलच्या ब्रँडने २०२०च्या मॉडेलपासून कारखान्यातच टर्बो बसवलेले टू-स्ट्रोक इंजिन द्यायला सुरुवात केल्यावर इतरांनीही ती वाट धरली, आणि उंचीवर त्याचा फायदा उघड आहे: साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर चढाईला साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे २७०० मीटरवर जवळजवळ चौथा हिस्सा गेलेला असतो. तरीही मी साधे ८५० सीसी इंजिन घेतले. उरलेली ताकद मला झेपत होती आणि वाचलेले पैसे हिमस्खलनाच्या सामानाला लागणार होते.

ही तजवीज योग्य ठरली, कारण गाडीच्या किमतीबाहेरचा खर्च नवख्याला हमखास कमी वाटतो. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा माग लावणारे, संदेश सोडणारे आणि पकडणारे यंत्र), फावडे, शोधकाठी, एअरबॅगची पिशवी, दोन दिवसांचा हिमस्खलन अभ्यासक्रम, गाडीची नोंदणी, ट्रेलरची वेगळी नोंदणी, विमा, पहिली सर्व्हिस, एक जादा ड्राइव्ह बेल्ट आणि शॉकमध्ये हवा भरण्याचा छोटा पंप, हे सगळे आधीच एका कागदावर मांडून ठेवावे. विम्याच्या कागदात एक वाक्य मुद्दाम शोधावे: आखलेल्या वाटेबाहेर अडकलेली गाडी काढून आणण्याचा खर्च त्यात धरला आहे की नाही. माझ्या पहिल्या प्रस्तावात तो धरलेला नव्हता. विचारल्यावर थोड्या जादा हप्त्यात तो जोडून मिळाला.

अभ्यासक्रम मी गाडी येण्याआधीच केला. तिथे शिकवलेल्या दोन गोष्टींचा संबंध थेट गाडीशी आहे. सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात आणि जवळची विद्युत उपकरणे त्यात अडथळा आणतात; म्हणून फोन, कॅमेरा आणि हातमोज्यांची बॅटरी प्रक्षेपण चालू असताना त्यापासून निदान २० सेंटीमीटर आणि शोध घेताना ५० सेंटीमीटर दूर ठेवायची. दुसरी गोष्ट अशी की ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचे आणि कोणी वर रुतला तर त्याच्या मदतीला दुसरी गाडी घेऊन चढायचे नाही. त्याने स्वतः गाडी काढावी, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून बघावे. पुढे माझ्या ६ रुतण्यांना कोणी धावून का आले नाही, याचे उत्तर यातच आहे. त्यातल्या दोन अशाच उतारांवर झाल्या होत्या आणि उरलेल्या चार वेळा मीच हात हलवून नको म्हटले होते.

गाडी २१ नोव्हेंबरला मिळाली. ठरलेल्या तारखेपेक्षा १८ दिवस उशीर झाला होता. ताबा घेताना चौकटीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक बिलावरच्या आकड्यांशी स्वतः ताडून पाहिला. हे कंटाळवाणे काम टाळू नये, कारण नोंदणी, विमा आणि हमी या तिन्ही कागदांवर तोच क्रमांक जातो आणि एक अंक चुकला तर तिन्ही ठिकाणी दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. हमीची नोंद त्याच दिवशी झाल्याची छापील पावती मागून घेतली. क्लचची वजने कोणत्या उंचीसाठी बसवली आहेत हेही विचारले. उत्तर आमच्या उंचीशी जुळत होते. हे चुकले असते तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन मिनिटाला ८०००च्या आसपासच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचलेच नसते आणि त्याचा दोष मी सस्पेन्शनला दिला असता.

एक गोष्ट मात्र विचारली नाही: शॉकमध्ये हवा किती भरली आहे. तपासणीच्या यादीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण होती आणि मी तिच्यावर विसंबले.

या गाडीला पुढे दोन्ही स्कींवर हवेचे शॉक आहेत. ट्रॅकच्या आत दोन शॉक असतात: पुढचा स्प्रिंगचा आणि मागचा हवेचा. पुढच्या भागाला एक जाड पट्टी बांधून ठेवते, तिला लिमिटर स्ट्रॅप म्हणतात. ती आखूड केली की ट्रॅकचा पुढचा भाग वर ओढला जातो आणि वजन स्कींवर येते. लांब केली की स्की हलक्या होतात आणि चढावर गाडीचे नाक उचलते. एकूण सगळा खेळ वजन स्कींवर किती आणि ट्रॅकवर किती, एवढाच आहे. हे मला वाचून माहीत होते. हाताला मात्र ते डिसेंबरमध्ये कळले.

पहिला दिवस १४ डिसेंबर. वाहनतळावर उणे १७ अंश तापमान होते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत १९ किलोमीटरची दाबलेली, कडक वाट आहे. नव्या ड्राइव्ह बेल्टला पहिले ५० किलोमीटर जपायचे असल्यामुळे मी वेग सतत कमी-जास्त करत, पूर्ण थ्रॉटल न देता चालले. कडक बर्फावर, ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या शीतकांना सैल बर्फ मिळत नाही. बर्फ हेच त्यांचे वंगण आणि हेच त्यांचे पाणी. पाचव्या किलोमीटरला तापमानाचा आकडा चढू लागला तेव्हा मी बर्फ खरवडणाऱ्या तारा खाली सोडल्या आणि तो दोन मिनिटांत उतरला. या तारा नसतील तर अशा वाटेवर निघूच नये, असे माझे मत आहे. मागे घेताना मात्र त्या आधी उचलून अडकवाव्यात. काही प्रकारच्या तारा उलट गतीत वाकतात.

त्या वाटेवर हँडल सैल वाटत होते. आदल्या गाड्यांनी पाडलेल्या गोठलेल्या चऱ्यांमध्ये स्की शिरत आणि गाडी आपल्या मनाने एक-दोन वीत इकडेतिकडे होई. मला वाटले, स्कींवर वजन कमी पडते आहे. म्हणून वाटेतच थांबून मी लिमिटर स्ट्रॅप एक भोक आखूड केली आणि दोन्ही पुढच्या शॉकमध्ये अंदाजाने चार-पाच पीएसआय हवा आणखी भरली. दाब वाचलासुद्धा नाही. हात गारठले होते. पुढचे काही किलोमीटर गाडी खरोखरच सरळ चालली आणि मी स्वतःवर खूश झाले.

मग ताजा बर्फ आला. पर्वतीय गाडी वळवायची ती हँडलने नव्हे. डावीकडे वळायचे तर पाय ठेवायच्या डाव्या फळीवर पाय दाबून गाडी डाव्या कडेवर कलवायची, हँडल क्षणभर उलट, म्हणजे उजवीकडे फिरवायचे आणि थ्रॉटलच्या एका झटक्याने ट्रॅकला ती कड पकडू द्यायची. आडव्या उतारावरून जाताना गाडी अशीच डोंगराच्या बाजूला कललेली धरून ठेवावी लागते, नाहीतर ती खाली वळते. मी फळीवर पाय दाबला, गाडी जराशी झुकली आणि परत सपाट झाली. दुसऱ्यांदा दोन्ही पाय एकाच फळीवर घेऊन अक्षरशः लोंबकळले, तेव्हा ती कलली, पण नाक जड असल्यामुळे स्की बर्फात घुसल्या आणि ट्रॅकने मागे खड्डा खणला. रुतत चाललेल्या गाडीला थ्रॉटल देणे म्हणजे तो खड्डा आपल्याच हाताने खोल करणे आहे. हे ठाऊक असूनही मी पहिल्या दोन वेळा दिला. दर वेळी गाडी काढायला १५ ते २० मिनिटे गेली: बंद करायची, पुढचा बर्फ पायांनी तुडवून पक्का करायचा, उताराच्या बाजूने गाडी आडवी पाडायची, खड्डा बुजवायचा, पुन्हा उभी करायची. कोरडे वजनच २०० किलोच्या आसपास; वर पेट्रोल आणि चिकटलेला बर्फ.

आमच्या गटातल्या एका जुन्या चालकांनी दुपारी माझ्या गाडीवर बसून एक चक्कर मारली. त्यांचे वजन ९०च्या पुढे आहे. त्यांनी ती सहज कलवली, परत आले आणि म्हणाले, “गाडी बरी आहे, पण डावा खांदा ताठ वाटतो.” मी ते माझ्या डाव्या खांद्याबद्दल समजले आणि घरी जाताना गाडीत बसून माझ्या अंगातल्या ताकदीची काळजी करत राहिले. शिरस्त्राणाच्या आत थोडे रडूनही झाले होते, तेही लिहून ठेवते.

दुसऱ्या संध्याकाळी गॅरेजमध्ये पंप लावला. डाव्या स्कीच्या शॉकमध्ये ६६ पीएसआय, उजव्यात ५४. माझी अंदाजाने भरलेली हवा वजा केली तरी मुळातला फरक साधारण तेवढाच राहतो, आणि पुस्तिकेत दोन्हींना एकच आकडा आहे: ५५. म्हणजे डावी बाजू खरोखरच ताठ होती. तो खांदा माझा नव्हता. यादीवर खूण करणाऱ्याचा राग आलाच, पण वाहनतळावर पाच मिनिटे काढून मीही मोजू शकले असते.

पंप वापरताना एक गोम आहे. शॉकला नळी जोडताच शॉकमधली थोडी हवा नळीत शिरते, त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. काढताना येणारा फुस्स आवाज मात्र बहुतेक नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधल्या नव्हे. फक्त “बघायला” म्हणून वारंवार पंप लावला तर दर वेळी दाब थोडा घटतो. म्हणून लावला की ठरलेल्या आकड्यापर्यंत भरूनच काढायचा. थंडीचा परिणाम त्याहून मोठा आहे. १५ अंशांच्या गॅरेजमध्ये ६० पीएसआय भरले आणि गाडी उणे १७ अंशांत नेली, तर तोच शॉक ५२च्या आसपास येतो. उलट उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्यामुळे काटा थोडा वर सरकतो. हा हिशेब कागदावर करण्यापेक्षा गाडी वाहनतळावर उतरवून अर्धा तास थंड होऊ द्यावी आणि चालवण्याआधी तिथेच दाब भरावा.

मग सॅग मोजला. मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण ताणले गेले की जमिनीपासून बंपरपर्यंतचे अंतर घ्यायचे. नंतर पूर्ण पोशाखात गाडीवर चढून दोन-तीनदा दाब द्यायचा, चालवताना उभे राहतो तसेच उभे राहायचे आणि दुसऱ्या माणसाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्यायचे. दोहोंतला फरक म्हणजे सॅग. तो मागच्या एकूण चालीच्या (सस्पेन्शन पूर्ण ताणलेले असल्यापासून पूर्ण दबेपर्यंतच्या अंतराच्या) पावपट ते तिसऱ्या हिश्शापर्यंत असावा. माझ्या गाडीची मागची चाल ४० सेंटीमीटर आणि माझा सॅग निघाला जेमतेम ४. पुस्तिकेतला तक्ता पाहिला तर कारखान्यातून येणारे सेटिंग ८० ते ९५ किलोच्या चालकासाठी होते आणि माझ्या वजनाचा रकाना सर्वांत डावीकडे, पानाच्या घडीत गेलेला होता. मागचा शॉक माझ्या वजनाने दबतच नव्हता, त्यामुळे गाडीची शेपटी उंच राहून सगळा भार पुढे जात होता. त्यातच मी स्ट्रॅप आखूड केली, म्हणजे जड नाकावर आणखी वजन टाकले. कडक वाटेवरचे १९ किलोमीटर सुखाचे करण्यासाठी मी ज्यासाठी गाडी घेतली तो खोल बर्फच गमावला होता. वाटेवरची ती डुगडुग स्कींच्या बुडाला असलेल्या कार्बाइडच्या कठीण पट्ट्यांची होती; त्या पट्ट्या बर्फातल्या चऱ्या पकडतात म्हणून. हँडल सैल धरून गाडीला थोडे भटकू दिले की तिचा त्रास होत नाही. स्कींची दिशाही तपासली. त्या किंचित बाहेर उघडलेल्या असाव्या लागतात, आणि एकूण ५ मिलिमीटरचे ते अंतर ठीक होते.

त्या रात्री एक वही केली. तारीख, तापमान, बर्फ कसा होता, काय बदलले, काय वाटले. एका वेळी एकच बदल, आणि तो झाल्यावर त्याच उतारावर तीच दोन वळणे. हे दिसते तितके सोपे नाही. बर्फ दुपारपर्यंत बदलतो आणि आपणही थकतो, म्हणून सकाळी अकरानंतरचे निष्कर्ष मी कंसात लिहिते.

दुसरा दिवस २८ डिसेंबर. सुरुवातीला फक्त दोन्ही स्कींचे शॉक ५५वर समान केले आणि स्ट्रॅप मूळ भोकावर आणली. हे बदल नव्हतेच, चूक निस्तरणे होते. डावीकडचा हट्ट तेवढ्यानेच गेला. मग मागचा शॉक १५०वरून १२५ पीएसआयवर आणला. सॅग साडेनऊ सेंटीमीटर झाला आणि पहिल्याच वळणात गाडीचे नाक हलके झाल्याचे जाणवले. सुटताना ट्रॅक खणण्याऐवजी बर्फावर चढू लागला. ट्रॅकमधल्या पुढच्या स्प्रिंगला दोन फेरे ताण दिला तेव्हा हा गुण आणखी वाढला, कारण ती स्प्रिंग गाडीचा मधला भाग उचलून धरते. जेवणानंतर हावरेपणाने स्ट्रॅप एक भोक लांब केली. सपाटीवर मजा आली, पण पहिल्याच उभ्या चढावर स्की हवेत गेल्या, हँडलला अर्थ उरला नाही आणि एका झाडाच्या दिशेने मला थ्रॉटल सोडावा लागला. स्ट्रॅप परत मूळ भोकावर. वहीत त्या ओळीखाली दोन रेघा आहेत. दिवसभरात दोनदाच रुतले.

तिसऱ्या दिवशी, ११ जानेवारीला, स्कींचे शॉक ५० आणि मग ४६ करून पाहिले. ४६वर गाडी कलते फार गोड, पण एका दडलेल्या ओंडक्यावर शॉक तळाला आपटला. प्रत्येक शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. ती वर सरकवून ठेवायची आणि चक्कर झाल्यावर कुठे येऊन थांबली ते बघायचे. चालीचा शेवटचा सेंटीमीटर शिल्लक राहिला तर दाब योग्य. मी ५० ठेवले आणि कॉम्प्रेशनचा क्लिकर (शॉक किती सहज दबेल ते ठरवणारी खुंटी) एक घर कडक केला. रिबाउंडला (दबलेला शॉक किती वेगाने उघडेल त्या सेटिंगला) हात लावला तो केवळ मागे: लागोपाठच्या उंचवट्यांवर शेपटी मला पुढे फेकत होती, दोन घरे मंद केल्यावर ते थांबले. फार मंद केले तर शॉक पुढच्या उंचवट्याआधी पूर्ण उघडत नाही आणि गाडी दर धक्क्याला खाली बसत जाते, म्हणून तिथेच थांबले.

१० तासांनंतरच्या पहिल्या सर्व्हिसला ट्रॅकचा ताण सैल निघाला; नवा ट्रॅक ताणला जातोच. तो घट्ट केल्यावर मागचा भाग उचलून ट्रॅक हळू फिरवायचा आणि दोन्ही बाजूंना पट्ट्यांपासून समान अंतरावर चालतो की नाही ते पाहायचे. साखळीच्या पेटीतले तेल बदलले. सर्व्हिसला ९ दिवस लागले. कामात सस्पेन्शनचा उल्लेख नव्हता, तरीही गाडी परत आल्यावर तिन्ही शॉकचे दाब मोजले. एकात तीन पीएसआय कमी होते.

आज वहीच्या शेवटच्या पानावर असे आहे: स्की ५० आणि ५०, मागे १२५, पुढची स्प्रिंग अधिक दोन फेरे, स्ट्रॅप मूळ भोकावर, मागचा रिबाउंड दोन घरे मंद. हे आकडे ७२ किलोला आणि याच गाडीला लागू आहेत. ते उचलून दुसऱ्या गाडीत भरू नयेत, पण तिथे कोणत्या क्रमाने पोहोचले तो क्रम चालेल. डावीकडचा आडवा उतार मी आता न थांबता पार करते. उजवीकडे गाडी कलली की थ्रॉटलचा हात शरीराखाली दबतो, अंगठा नको तेव्हा जास्त दाबला जातो आणि गाडी सुटते. दोन्ही बाजूंचा दाब पुन्हा मोजला, समान आहे. हँडलवरचा थ्रॉटलचा दांडा थोडा खाली फिरवून पाहायचा, एवढे पुढच्या शनिवारसाठी लिहून ठेवले आहे.